राघूचं उष्टं

दिग्रसच्या कापूसबाजारामागे, नाल्यापलीकडे जी वस्ती आहे, तिथे गावातल्या चांगल्या घरची बाई सहसा पाय ठेवत नसे. तिकडून वारा आला तरी पदर सावरून घेणाऱ्या या बाया. पण कौसल्येच्या दारी त्या येत. काखेत पोर घेऊन येत आणि उन्हात ताटकळत उभ्या राहत. कारण कौसल्येकडे बोलका पोपट होता, आणि ज्या पोराला वेळेवर बोलणं फुटत नाही त्याला बोलक्या पोपटाचं उष्टं चारलं की त्याची जीभ सुटते, हे साऱ्या मुलखाला ठाऊक होतं. कोणी सांगितलं, कधी सांगितलं, हे विचारू नये. अशा गोष्टींना आईबाप नसतात.

उष्टं घ्यायची एक रीत होती. कौसल्येनं पिंजरा उंबऱ्याबाहेर आणून ठेवायचा आणि स्वतः आत सरकायचं. मग बाईनं घरून आणलेली पेरूची फोड, भिजवलेली हरभऱ्याची डाळ स्वतःच्या हातानं पिंजऱ्यात सारायची. राघूनं चोच मारली की तीच फोड बाहेर ओढून पोराच्या तोंडात घालायची. म्हणजे पोपटाच्या लाळेला विटाळ नाही, विटाळ कौसल्येच्या बोटांना. कौसल्या हे वर्षानुवर्षं पाहत आली होती आणि एका शब्दानं बोलली नव्हती.

बोलायची तिला सवयच नव्हती. कळंबकडच्या एका खेड्यातून बाशिंग बांधून ती या घरात आली तेव्हा तिला धड लुगडं नेसता येत नव्हतं. नवरा उकंडा जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, रेच्यावर म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रावर कामाला होता. कापसाच्या धुळीनं छाती भरून तो तरणाताठा गेला, तेव्हा देवराव नुकता चालायला लागला होता. कौसल्येनं पदर खोचला आणि नवऱ्याच्या जागी ती जिनात जाऊ लागली. सरकी निवडली, कपाशीच्या बोऱ्या ओढल्या, लोकांची अंगणं सारवली. पोराला चार इयत्ता शिकवलं. राघू त्याच काळातला. तांड्यावरचा हरिसिंग बैलगाडीनं कापूस आणायचा आणि उन्हाळ्यात मोहाच्या ढोलीतली पोपटाची पिल्लं काढून बाजारात विकायचा. त्यातलं एक मरतुकडं पिल्लू त्यानं तिच्या ओटीत टाकलं. तिनं डाळ चावून, आपल्या ओठांतून त्याच्या चोचीत देऊन ते जगवलं. पाखराचं पिल्लू जगवायची साऱ्यांची तीच तऱ्हा होती.

छप्पन साली दसऱ्याला ती देवरावबरोबर नागपूरला गेली आणि दीक्षा घेऊन आली. आल्यावर देव्हाऱ्यातले टाक तिनं नाल्याच्या डोहात सोडले. आता राघूचं काय करायचं, हा प्रश्न होता, कारण राघू येणाऱ्याजाणाऱ्याला ‘राम राम’ घालत असे. देवरावनं चिकाटीनं त्याला ‘जय भीम’ शिकवलं. राघू शिकला, पण जुनं विसरला नाही. दोन्ही लागोपाठ म्हणायचा, आणि वस्तीतली पोरं हसून लोळायची. एवढं एक सोडलं तर घर नवं झालं.

आणि कौसल्याही नवी झाली. दीक्षेनंतर पहिल्यांदा दारात बाई आली ती कांताबाई, अडत्याची बायको, गावात वजन असलेली. कौसल्येनं पिंजरा बाहेर ठेवला नाही. तिनं आपल्या हातानं राघूला फोड दिली, चोच मारल्यावर आपल्या हातानं काढली आणि तळव्यावर धरून कांताबाईपुढे केली.

“आजपासून अशीच भेटन, बाई. घ्याची तं घ्या.”

कांताबाईचा चेहरा उतरला. पण काखेतला मुलगा दोन वर्षांचा होऊनही हूं की चूं करत नव्हता. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि कौसल्येच्या तळव्यावरची फोड उचलली. पुढे पावसाळ्यात तो मुलगा बोलायला लागला. तो तसाही लागलाच असता, पण हे कोण म्हणणार? कांताबाईनं गावभर सांगितलं, आणि त्यानंतर ज्या बाया आल्या त्या मुकाट्यानं कौसल्येच्या हातून घेऊ लागल्या. कौसल्येच्या आयुष्यात तिनं मिळवलेली ही एवढीच गोष्ट होती. ती तिनं जिवापाड जपली, यात नवल नाही.

मग देवरावचं लग्न झालं. मारेगावकडची प्रभावती सून म्हणून आली, शहाणी आणि कामसू. तिला मुलगी झाली. नाव जया. गोरीगोमटी, हसरी, आणि मुकी. कान शाबूत होते. भांडं पडलं की दचकायची, बापाच्या सायकलीचा आवाज ओळखून दाराकडे धावायची. पण तोंडातून शब्द म्हणून येत नसे. एक वर्ष झालं, दोन झाली, तीन झाली. गावातल्या पोरांना वाचा देणाऱ्या घरात घरचीच पोर मुकी. बाया तोंडावर काही बोलत नसत, पण जाताना जयाकडे वळून पाहत, ते कौसल्येला सुईसारखं टोचे.

तिनं जयाला उष्टं का चारलं नाही? देवरावनं हात धरला म्हणून. तो एरवी मऊ माणूस, आईपुढे आवाज न चढवणारा. पण त्या दिवशी तो ताठ उभा राहिला.

“आपल्या सात पिढ्याइनं लोकाइचं उष्टं खाल्लं, माय. दारोदार मांगून खाल्लं. माही पोरगी पाखराचंबी खानार नाई.”

“अरे, ते उष्टं येगळं, हे येगळं.”

“उष्टं ते उष्टंच. बोलली तं बोलली, नाई तं मी तिच्याशी हातवाऱ्यानं बोलन.”

पोराचं खरं होतं हे तिला कळत होतं, आणि नातीचं तोंड पाहिलं की सारं कळणं मावळत होतं. जयानं एकदा बोलावं, एक शब्द का होईना बोलावा, एवढ्यासाठी तिचा जीव अडकला होता.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात हरिसिंग तांड्यावरून पिल्लांची टोपली घेऊन आला. त्यातलं एक त्यानं राघूला जोड म्हणून कौसल्येला दिलं. पिल्लू पिसं फुलवून कोपऱ्यात बसायचं, त्याच्या डोळ्यांना पाणी होतं, ढुंगण हिरवंगार माखलेलं. टोपलीतली बाकीचीही तशीच होती. हरिसिंग म्हणाला, “उन लागलं त्याइले, होतीन बरे.” ते पिल्लू थोड्याच दिवसांत मेलं. आणि मग राघू तसाच बसू लागला.

राघूनं खाणं टाकलं. राम राम नाही, जय भीम नाही. नाकातून पाणी, पाठीवरची पिसं उभी. कौसल्या त्याला पदरात गुंडाळून चुलीजवळ घेऊन बसे, पूर्वीसारखी डाळ चावून ओठांनी भरवे. तिला स्वतःला मध्ये कणकण आली, डोकं फुटायची पाळी आली, पण ती अंगावर काढली. दारात आलेल्या बायांना तिनं परत धाडलं, पाखरू दुखणाईत आहे म्हणून. खरं सांगायचं तर तिच्या मनात वेगळंच होतं. राघू म्हातारा झाला, आता हा काही राहत नाही. याच्या चोचीत जो काही गुण उरला आहे तो लोकांच्या पोरांवर कशाला उधळायचा? हा मरायच्या आत जया बोलली पाहिजे.

जिन बंद होती. देवराव रस्त्याच्या कामावर जाई, प्रभावती रानात धसकटं वेचायला. ते दोघं वळणाआड गेले की कौसल्या जयाला मांडीवर घेई. राघूनं चघळून टाकलेली डाळ, त्याच्या वाटीतलं पाणी, भाकरीचा कुस्करा, सारं तिच्या तोंडात घाली. जया खुशीत खाई आणि पिंजऱ्यात हात घालून राघूची मान खाजवी. कौसल्या तिच्याच पुढ्यात पिंजरा झाडी. वाळलेल्या शिटेची धूळ उडे, आणि जया त्या धुळीत खेळे.

गंमत अशी की राघू सुधारला. दाणे टिपू लागला, एका सकाळी ‘जय भीम’ म्हणाला. कौसल्येला वाटलं, आता पोरगीही बोलेल. त्याच आठवड्यात जया तापली.

ताप उतरेना. कोरडा खोकला, श्वास वरवर. गावातल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, मग सुई दिली, मग म्हणाला यवतमाळला न्या. एसटीत प्रभावतीनं पोरीला छातीशी धरलं होतं आणि कौसल्या पदरानं वारा घालत होती. सरकारी दवाखान्यात खाटा भरलेल्या होत्या. बाजूच्या मोठ्यांच्या वॉर्डात कोण असावं, तर हरिसिंग. तसाच ताप, तसाच खोकला. त्याची बायको बसंतीबाई व्हरांड्यात बसून होती.

डॉक्टर पोक्त होते. त्यांनी हरिसिंगला धंदा विचारला होता, तेव्हा पिल्लांच्या टोपलीची गोष्ट निघाली होती. आता जयाची छाती तपासून त्यांनी विचारलं, “घरी पोपट आहे?”

“आहे,” देवराव म्हणाला. “पण माही पोरगी त्याच्याजवळ जात नाई.”

कौसल्या भिंतीला टेकून उभी होती. ती गप्प राहिली असती तर कोणाला काही कळलं नसतं.

“जाते,” ती म्हणाली. “मीच नेत होती. उष्टं चारलं तिले. रोज.”

देवरावनं आईकडे पाहिलं आणि मान फिरवली. डॉक्टरांनी रागावणं टाळलं. त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं, की आजारी पोपटाच्या शिटेत आणि नाकातोंडाच्या पाण्यात एक जंतू असतो. शीट वाळली की तो धुळीबरोबर माणसाच्या छातीत जातो. पाखरू बरं झालेलं दिसलं तरी जंतू टाकत राहतं. त्यावर औषध आहे. हरिसिंगला लवकर मिळालं, तो वाचेल. “हिला आता सुरू करतो. उशीर झालाय. बघू या.”

ते औषध जयाला सुरू झालं. देवराव आईशी बोलेना. पाणी आणून द्यायचा ते खाली ठेवून जायचा. कौसल्येला वाटायचं त्यानं ओरडावं, हात उगारावा, काहीही करावं. तो काहीच करत नव्हता.

एका दुपारी देवराव बाहेरच्या दुकानातून औषध आणायला गेला होता आणि प्रभावती नळावर धडुतं धूत होती. घरचं असं खाटेशी कौसल्या एकटीच होती. बसंतीबाई पलीकडून थोडा चहा घेऊन आली होती आणि पायथ्याशी उभी होती. जयानं डोळे उघडले. कौसल्येकडे नीट पाहिलं, ओळखून पाहिलं, आणि म्हणाली, “आजी.”

अगदी स्पष्ट. शेजारच्या पोरीनं म्हणावं तसं. कौसल्येनं खाली वाकून “काय माय, काय?” असं कितीदा विचारलं. पण पोरीनं डोळे मिटले होते. संध्याकाळ व्हायच्या आत ती गेली.

यवतमाळलाच तिला माती दिली. तिथून येताना एसटीत तिघं तीन बाकांवर बसली. ती बोलली होती हे सांगायला कौसल्येचं तोंड उघडलं नाही. कोणत्या तोंडानं सांगणार, की तुमची पोर एकदा बोलली, तुम्ही नव्हतात, आणि तिनं हाक मारली ती मला?

घरी येताच तिनं पहिलं काम हे केलं. नाकातोंडाला फडकं बांधलं, जशी डॉक्टरांनी ताकीद दिली होती, आणि राघूला पिंजऱ्यातून काढलं. तो तिच्या बोटावर सवयीनं चढला. तिनं त्याची मान मुरगळली. मग परसात खोल खड्डा करून त्याला आणि पिंजऱ्याला पुरलं, वर चुना टाकला. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. रडायचं होतं ते जयासाठी रडून झालं होतं. तिला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. बसंतीबाई नवऱ्याला घेऊन परतली होती आणि बाजारात कोणीतरी विचारलं तेव्हा तिनं साध्या मनानं सांगितलं होतं, की कौसल्याबाईची मुकी नात मरताना बोलली. मरताना हा शब्द लोकांनी गाळला. मुकी बोलली, एवढंच गावभर झालं. चार वर्षांची मुकी पोर राघूच्या उष्ट्यानं बोलली! मग त्या गुणाची खात्री आणखी काय हवी?

चार दिवसांनी सकाळी दारात बाया उभ्या होत्या. पुढे कांताबाई, काखेत लेकीचा मुलगा. मागे बसंतीबाईही होती, कौसल्येचं सांत्वन करायला आलेली. देवराव आणि प्रभावती आत होते.

“राघू नाई आता,” कौसल्या म्हणाली. “म्या मारला त्याले. त्याच्यानंच माही पोट्टी गेली. डाक्टर म्हने, पाखराइच्या घानीत जंतू रायते. जा बाप्पा घरी, आन् लेकराइले पाखरापासून दूर ठेवा.”

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. कांताबाई हसली, पण हसू गोड नव्हतं.

“डाक्टरले काय कळते? ताप त साऱ्या गावाले येते. तुले द्याचंच नसन तं तसं सांग ना, कौसल्ये. नवा धरम घेतला तवापासून तुवा हात लई वर गेला. आता त पाखरूच मारून टाकलं, आमच्या लेकराइले भेटू नये म्हून.”

“तसं नाई, बाई.”

“नसू दे. तुया राघूनं आमचं अडलं नाई. हरिसिंगाच्या टोपलीत अजून पोपट आहेत म्हने. मी आजच मानूस धाडतो. काहून वो, बसंतीबाई, आहेत ना?”

“आहेत,” बसंतीबाई हळूच म्हणाली.

मागच्या बायांतून लगेच आवाज आले, आम्हालाही एक, आम्हालाही. कौसल्येच्या डोळ्यांपुढे ती टोपली आली. फुललेली पिसं, हिरवी घाण. त्या टोपलीतलं एकेक पाखरू एकेका घरी जाणार, आणि प्रत्येक घरी कोणीतरी आजी मांडीवर पोर घेऊन बसणार. तिनं राघूला मारलं होतं, पण मारायची गोष्ट दुसरीच होती, ती तिला आता दिसली.

“कोन म्हन्लं तुमाले का जया बोलली?” तिनं विचारलं.

“साऱ्याइले माहीत आहे. बसंतीबाईनं सोताच्या कानानं आयकलं.”

“नाई बोलली.”

“मंग बसंतीबाई खोटी का?”

“ते खोकलली. आवाज आला, तं बसंतीबाईले वाटलं. मी जवळ होती. मले ठाव.”

तेवढ्यात देवराव दारात आला. बाहेरचं बोलणं ऐकून आला होता. त्याचे डोळे सुजलेले होते, आणि त्यात असं काही होतं जे कौसल्येला यवतमाळपासून दिसलं नव्हतं. तो तिच्याशी बोलला.

“माय, जया बोलली होती? खरं सांग. काय म्हन्ली?”

प्रभावती त्याच्या मागे येऊन उभी राहिली होती. तिनं चौकट घट्ट धरली होती. समोर कांताबाई, तिच्या काखेतला गोबऱ्या गालांचा पोर, आणि मागे साऱ्याच कान टवकारून. कौसल्येनं बसंतीबाईकडे पाहिलं. बसंतीबाईनंही तिच्याकडे पाहिलं. ती तांड्यावरची बाई शिकलेली नव्हती, पण तिनं तो वॉर्ड पाहिला होता.

“जयाची आन आहे,” कौसल्या म्हणाली. “पोट्टी मुकीच गेली. राघूच्या उष्ट्यानं काई झालं नाई, आन् कधीच काई होत नोतं.”

“मले भास झाला असन, बाई,” बसंतीबाई म्हणाली. “दोन रात्रीची झोप नोती. खोकलाच असन तो. आन् ते टोपलीतले पोपट मी कोनाले देनार नाई. माहा मानूस त्याइच्यानंच मरता मरता राह्यला.”

मेलेल्या नातीची आण खोटी कोण घेईल? बायांना पटलं. एकेक करून त्या नाल्याकडे वळल्या. कांताबाई काहीतरी पुटपुटत गेली. पुन्हा त्या दारात उष्ट्यासाठी कोणी आलं नाही, आणि दुसऱ्या कशासाठीही कोणी आलं नाही. देवराव आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला.

कौसल्येनं ते खोटं पुष्कळ महिने वागवलं. दिवाळी गेली, जिन सुरू झाली. देवराव तिच्याशी थोडंफार बोलू लागला होता. एक दिवस दुपारच्या सुट्टीत तो जेवायला आला. प्रभावती भाकरी थापत होती, वस्ती रिकामी होती. कौसल्येला वाटलं, आता सांगावं. आता ऐकायला कोणी नाही.

“देवराव,” ती म्हणाली, “तवा मी खोटं बोलली होती. जया बोलली होती. ‘आजी’ म्हन्ली, खरंच म्हन्ली. लोकाइनं पोपट आनू नये म्हून मी तसं सांगतलं.”

देवरावचा घास हातात राहिला. त्यानं तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्याच्या नजरेत, नुसता थकवा होता.

“राहू दे, माय,” तो म्हणाला. “तुवा राघू काई खराब नोता, हेच तुले अजून म्हनाचं आहे. मेली बिचारी, तिच्या नावानं तरी आता त्याची बाजू घेऊ नको. बसंतीबाईनंबी सांगतलं ना, भास होता.”

“अरे, त्याच्यासाठी नाई सांगत...”

“तू जयाची आन घेतली होती. म्या आपल्या कानानं आयकलं.”

कौसल्येनं सुनेकडे पाहिलं. प्रभावतीनं तव्यावरची भाकरी उलटली आणि मान वर केली नाही. देवरावनं ताट पुढे ओढलं आणि तो जेवू लागला. जिनाचा भोंगा व्हायचा होता, त्याला वेळेवर पोचायचं होतं. कौसल्येनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि ती पुन्हा त्या गोष्टीबद्दल बोलली नाही. पोरगी खरोखर बोलली होती, यावर त्या घरात विश्वास ठेवणारी ती आता एकटीच होती.